मिशिगनचा तेरावा मतदारसंघ : सरासरीत न मावणारी माणसं

अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघाची जागा २०२३ पासून श्री ठाणेदार यांच्याकडे आहे. चिकोडीत जन्मलेला आणि बेळगावात वाढलेला मराठी माणूस डेट्रॉईटचा खासदार झाला, ही बातमी आपल्याकडे भरपूर फिरली. मतदारसंघाबद्दल मात्र त्या बातम्यांत फार तर एखादं वाक्य असायचं. ही कहाणी त्या मतदारसंघाची आहे. ठाणेदारही येतील, पण त्यांच्या जागी.

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्यावरून राज्यांना जागा वाटल्या जातात. २०२० मध्ये मिशिगनची लोकसंख्या १,००,७७,३३१ भरली. आकडा वाढला होता, पण इतर राज्यांच्या मानाने फार थोडा, म्हणून चौदापैकी एक जागा गेली. उरलेल्या तेरा जागांवर लोकसंख्या सारखी वाटली की एका मतदारसंघाला ७,७५,१७९ माणसं येतात. हे 'सारखी' तिथे फारच शब्दशः घेतलं जातं. एकाच राज्यातल्या दोन मतदारसंघांत हजारभर माणसांचा फरक पडला तरी कोर्टात जाब द्यावा लागू शकतो. आपल्याकडे राज्यांना मिळणाऱ्या लोकसभेच्या जागा आजही १९७१ च्या जनगणनेवर अडकलेल्या आहेत. तेव्हा हा काटेकोरपणा आपल्याला जरा अतीच वाटेल, पण तेराव्या मतदारसंघाची अर्धी गोष्ट त्यातच आहे.

हा मतदारसंघ पूर्णपणे वेन काउंटीत आहे (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग). डेट्रॉईट शहराचा मोठा भाग त्यात येतो, उरलेला बाराव्या मतदारसंघात. शिवाय डेट्रॉईटच्या पोटात असलेली, पण स्वतःची नगरपालिका राखून असलेली हॅमट्रॅमक आणि हायलँड पार्क ही दोन गावं, पूर्वेला सरोवराकाठची ग्रोस पॉईंट नावाची श्रीमंत उपनगरं, आणि नैऋत्येला नदीच्या खालच्या अंगाला रिव्हर रूज, एकोर्स, लिंकन पार्क, टेलर, रोम्युलस अशी कामगारवस्ती. या शेवटच्या पट्ट्याला तिथले लोक 'डाउनरिव्हर' म्हणतात.

अमेरिकी जनगणना विभाग प्रत्येक मतदारसंघाचं उत्पन्न, शिक्षण, वंश, घरमालकी, प्रवासाचा वेळ असे सगळे आकडे प्रसिद्ध करतो. अभ्यासकाला ही मोठीच सोय आहे. आपल्या जनगणनेचे तक्ते जिल्हा आणि तालुक्यानुसार निघतात, त्यामुळे लोकसभा मतदारसंघाचं चित्र जुळवताना जीव मेटाकुटीला येतो. पण तेराव्या मतदारसंघाच्या तक्त्यात जो मधला आकडा दिसतो, तसं जगणारी माणसं त्या मतदारसंघात शोधावी लागतात. तिथे एका बाजूला तिघांतला एक गरिबीरेषेखाली असलेलं शहर आहे आणि दुसऱ्या बाजूला कुटुंबाचं मध्यक उत्पन्न वर्षाला लाख डॉलरच्या वर असलेली गावं. दोन्हींचं मिळून जे निघतं ते हिशेबाला बरोबर असतं, पण त्यावर योजना आखली तर फसते.

शहर रिकामं होतं म्हणजे काय होतं

डेट्रॉईटची लोकसंख्या १९०० मध्ये २,८५,७०४ होती. १९५० मध्ये ती १८,४९,५६८ झाली आणि २०२० मध्ये ६,३९,१११ वर आली. सत्तर वर्षांत बारा लाखांहून अधिक माणसं कमी झाली. शहराचं क्षेत्रफळ मात्र तेवढंच राहिलं, सुमारे १३९ चौरस मैल. रस्ते, जलवाहिन्या, दिवे, अग्निशमन केंद्रं हे सगळं अठरा लाखांसाठी बांधलेलं आणि त्याचा खर्च उचलायला सहा लाख. त्यातही कमावत्यांचं प्रमाण घटलेलं.

याचं कारण विचारलं तर बहुतेक लोक मोटार उद्योगाकडे बोट दाखवतात आणि थांबतात. कारखाने गेले हे खरंच आहे, पण ते आधी परदेशात गेले नाहीत. पन्नाशीच्या दशकातच कंपन्यांनी नवे कारखाने उपनगरांत आणि दुसऱ्या राज्यांत उभारायला सुरुवात केली होती. बहुमजली जुन्या इमारतींपेक्षा एकमजली पसरट कारखाना सोयीचा, आणि त्याला लागणारी मोकळी जमीन शहराबाहेर. कामगारही पाठोपाठ गेले, मात्र गोरे कामगार. कृष्णवर्णीयांना जाताच येत नव्हतं.

ते का, हे नीट सांगायला हवं. तिसाच्या दशकात होम ओनर्स लोन कॉर्पोरेशन या सरकारी संस्थेने शहरांचे नकाशे रंगवले. ज्या वस्त्यांत कृष्णवर्णीय राहत त्यांवर लाल रंग, म्हणजे कर्जाला धोकादायक. गृहकर्जाला सरकारी हमी देणारं खातंही त्याच नजरेने बघायचं. त्यामुळे गोऱ्या माणसाला उपनगरात स्वस्त हप्त्यावर घर मिळालं आणि कृष्णवर्णीयाला शहरातल्या पडक्या घरासाठीही चढं भाडं द्यावं लागलं. पन्नाशीच्या अखेरीस ब्लॅक बॉटम आणि पॅरडाइज व्हॅली या त्यांच्या जुन्या वस्त्या, दुकानं आणि जॅझच्या अड्ड्यांसकट, पुनर्विकास आणि महामार्गासाठी पाडल्या गेल्या. १९६७ च्या जुलैत शहर पेटलं, त्यात ४३ माणसं गेली. त्या दंगलीनंतर गोरे पळाले असं सांगितलं जातं. आकडे तसं म्हणत नाहीत. १९५० ते १९६० या दशकातच शहराने पावणेदोन लाखांहून अधिक माणसं गमावली होती. दंगलीने वेग वाढवला एवढंच.

१९७४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा 'मिलिकन विरुद्ध ब्रॅडली' हा निकाल आला, पाच विरुद्ध चार मतांनी. डेट्रॉईटच्या शाळांतली वंशवार विभागणी मोडायची तर उपनगरांतल्या शाळाही योजनेत घ्याव्या लागतील, असं खालच्या कोर्टाचं म्हणणं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं. उपनगरांनी स्वतः भेदभाव केल्याचं सिद्ध झालं नसेल तर त्यांच्या सीमेच्या आत हात घालता येणार नाही, असा निर्णय झाला. माझ्या मते या मतदारसंघाचं आजचं अर्थकारण ज्या एका कागदाने ठरवलं तो हाच. नगरपालिकेची हद्द ओलांडली की शाळाही वेगळी आणि त्यामागचा पैसाही वेगळा, हे त्याने पक्कं केलं. मूलबाळ असलेल्या, पैसा जवळ असलेल्या कुटुंबाने पुढे काय करायचं हे त्यानंतर वेगळं सांगायची गरज उरली नाही.

मग करांचं दुष्टचक्र. डेट्रॉईटमध्ये राज्य आणि केंद्राच्या वर शहराचाही आयकर आहे : रहिवाशाला २.४ टक्के, बाहेरून कामाला येणाऱ्याला १.२ टक्के. ग्रोस पॉईंटमध्ये असा कर नाही. म्हणजे डाउनटाउनच्या कार्यालयात शेजारी बसणाऱ्या दोघांपैकी जो शहरात राहतो तो दुप्पट भरतो. घरपट्टीचा दरही देशातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी. गाडीचा विमा तसाच महाग, आणि गाडीवाचून चालत नाही, कारण शहराची बससेवा वेगळी नि उपनगरांची वेगळी. दोन्हींना एकत्र बांधणारा प्रादेशिक वाहतूक कर २०१६ च्या नोव्हेंबरात मतदानाला आला आणि थोडक्यात पडला.

१८ जुलै २०१३ ला शहराने दिवाळखोरी जाहीर केली. कर्ज आणि देणी मिळून सुमारे १८ अब्ज डॉलर, अमेरिकेतल्या कोणत्याही नगरपालिकेची तोवरची सर्वांत मोठी. निवृत्तांच्या पेन्शनला कात्री लागली. कलासंग्रहालयातली चित्रं विकायची वेळ आली होती. ती धर्मादाय संस्था, राज्य सरकार आणि खुद्द संग्रहालयाने उभ्या केलेल्या पैशाने टळली, आणि तोच पैसा पेन्शनलाही आधार झाला. त्याच काळात घरांचे भाव कोसळले, पण पालिकेचं मूल्यांकन जुन्याच भावांनी चालू राहिलं. मिशिगनच्या राज्यघटनेप्रमाणे करासाठी घराची किंमत बाजारभावाच्या निम्म्याहून जास्त धरता येत नाही. 'डेट्रॉईट न्यूज' ने २०२० मध्ये हिशेब मांडला तेव्हा २०१० ते २०१६ या काळात घरमालकांकडून किमान ६० कोटी डॉलर जास्तीचे वसूल झाल्याचं निघालं. तीन वर्षं घरपट्टी थकली की काउंटी घर जप्त करून लिलावात काढते. हजारो कुटुंबांची घरं गेली ती अशा बिलांपायी, जी मुळातच चुकीची होती. कृष्णवर्णीय कुटुंबांची संपत्ती म्हणजे बहुतेकदा ते एक घरच असतं, हे लक्षात घेतलं की मतदारसंघाच्या तक्त्यातला 'घरमालकी' हा रकाना वेगळा दिसू लागतो.

एका मैलावर दुसरा देश

डेट्रॉईटच्या पूर्व टोकाला ऑल्टर रोड नावाचा रस्ता आहे. त्याच्या पश्चिमेला मोकळे प्लॉट, जळकी घरं, मधूनच नीट राखलेलं एखादं घर. पूर्वेला काही पावलांवर ग्रोस पॉईंट पार्क : झाडांच्या कमानी, विटांची घरं, फक्त रहिवाशांना प्रवेश असलेली सरोवराकाठची उद्यानं. मोटारवाल्या हेन्री फोर्डचा मुलगा एडसेल याचा प्रासादतुल्य बंगला याच पट्ट्यात, ग्रोस पॉईंट शोर्समध्ये आहे. इथे घर विकत घेऊ पाहणाऱ्याला दुसऱ्या महायुद्धानंतर गुण दिले जात. कातडीचा रंग किती सावळा, उच्चार कसे, राहणी 'अमेरिकन' आहे का, अशा प्रश्नांवर. पोलिश माणसाला पास व्हायला जास्त गुण लागत, इटालियनला त्याहून जास्त, ज्यूला आणखी जास्त. कृष्णवर्णीय आणि आशियाई यांना परीक्षेलाच बसू देत नसत. १९६० मध्ये ही पद्धत उघडकीला आली. १९६८ च्या मार्चमध्ये मार्टिन ल्यूथर किंग तिथल्या हायस्कुलात बोलायला आले तेव्हा श्रोत्यांतून त्यांना वारंवार हिणवण्यात आलं. पुढच्याच महिन्यात त्यांची हत्या झाली. हे सगळं जुनं झालं म्हणावं, तर २०१४ मध्ये ग्रोस पॉईंट पार्कने सीमेवरच्या कर्शेव्हल रस्त्यात मधोमध बाजाराची शेड बांधली आणि रस्ता अडवला. पुढे बराच वाद झाला.

ही गावं आणि डेट्रॉईट आता एकाच खासदाराला निवडतात.

हायलँड पार्कची कथा याच्या उलट आणि जास्त कडू. जेमतेम तीन चौरस मैलांचं हे गाव चहूबाजूंनी जवळजवळ डेट्रॉईटनेच वेढलेलं. फोर्डने इथला कारखाना १९१० मध्ये सुरू केला, १९१३ मध्ये फिरता जोडणीपट्टा इथेच चालू झाला आणि १९१४ च्या जानेवारीत दिवसाला पाच डॉलर मजुरीची घोषणा इथलीच. डेट्रॉईटच्या हद्दीत न जाता गाव वेगळं राहिलं, त्यामुळे कारखान्याचा कर गावालाच मिळायचा. क्रायस्लरचं मुख्यालयही इथे होतं. नव्वदच्या दशकात ते ऑबर्न हिल्सला गेलं. १९३० मध्ये ५२,९५९ असलेली वस्ती २०२० मध्ये ८,९७७ उरली. २०११ मध्ये विजेचं बिल थकलं म्हणून गावातले हजाराहून अधिक पथदिवे वीज कंपनीने काढून नेले, खांबांसकट. ज्या वेगळेपणाने एकेकाळी तिजोरी भरली त्यानेच पुढे गावाला एकटं पाडलं.

'गोरे' या रकान्यात कोण कोण

लोकसंख्येच्या तक्त्यावर मला सर्वांत जास्त शंका येते ती हॅमट्रॅमकमुळे. दोन चौरस मैलांच्या आसपासचं गाव, २०२० ची वस्ती २८,४३३. डॉज बंधूंच्या कारखान्यामुळे इथे पोलिश कामगार आले आणि १९३० पर्यंत वस्ती ५६ हजारांवर गेली. 'डॉज मेन' नावाचा तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला. त्या जागेवर आणि शेजारच्या पोलटाऊन या डेट्रॉईटच्या वस्तीवर जनरल मोटर्सला नवा कारखाना हवा होता. डेट्रॉईट शहराने सुमारे चार हजार माणसांची घरं, दुकानं आणि चर्चं सक्तीने संपादित करून जमीन कंपनीला दिली. मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८१ मध्ये ते वैध ठरवलं आणि २००४ मध्ये दुसऱ्या एका खटल्यात तोच निकाल मोडीत काढला. तोवर पोलटाऊन राहिलंच नव्हतं. तो कारखाना आज 'फॅक्टरी झिरो' नावाने विजेच्या गाड्या बनवतो.

पोलिश लोक पांगले आणि येमेनी, बांगलादेशी, बोस्नियन आले. २०२२ च्या सुरुवातीपासून इथले महापौर आणि सगळे नगरसेवक मुस्लिम होते. शहरातल्या मतपत्रिका इंग्रजीबरोबर बंगालीतही छापाव्या लागतात, कारण केंद्रीय मतदान हक्क कायदा ठराविक संख्येच्या वर गेलेल्या आशियाई भाषकांना तो हक्क देतो. अरबी भाषकांना देत नाही, त्या कायद्याच्या यादीत अरबीला जागा नाही. आणि जनगणनेत येमेनी माणूस मोजला जातो 'गोरा' म्हणून. मध्य-पूर्व आणि उत्तर आफ्रिकेसाठी वेगळा रकाना करायचं केंद्राने २०२४ च्या मार्चमध्ये ठरवलं, २०२० च्या आकड्यांत तो नाही.

म्हणजे तेराव्या मतदारसंघातली 'गोरी' लोकसंख्या वाचताना त्यात ग्रोस पॉईंटचा बँकर आहे, टेलरमधला केंटकीहून आलेल्या आजोबांचा नातू आहे आणि हॅमट्रॅमकमधला येमेनी किराणा दुकानदारही आहे. तिघांचं उत्पन्न वेगळं, भाषा वेगळी, मतंही वेगळी. २०२४ मध्ये हॅमट्रॅमकचे महापौर आमेर गालिब यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना उघड पाठिंबा दिला, तेव्हा गाझाच्या प्रश्नावर चिडलेलं हे गाव डेमोक्रॅटिक पक्षाचा हक्काचा गठ्ठा राहिलेलं नव्हतं. तक्त्यावरून हे कुणालाही ओळखता आलं नसतं.

डाउनरिव्हरबद्दल थोडक्यातच सांगतो. एकोर्स आणि रिव्हर रूज ही पोलादावर उभी राहिलेली गावं. यू. एस. स्टीलने तिथल्या ग्रेट लेक्स कारखान्यातलं मूळ पोलाद ओतण्याचं काम थांबवत असल्याचं २०१९ च्या डिसेंबरात जाहीर केलं आणि दीड हजारांच्या आसपास नोकऱ्या टांगणीला लागल्या. शेजारच्या नैऋत्य डेट्रॉईटमध्ये तेलशुद्धीकरण कारखाना, मालमोटारींची रांग आणि दम्याचे रुग्ण एकत्र नांदतात. कॅनडाकडे जाणारा १९२९ चा अँबॅसेडर पूल इथेच, अमेरिका-कॅनडा मालव्यापाराचा चौथा हिस्सा ज्यावरून जात आला तो. माल जातो, धूर राहतो.

रेषा कुणी आखली

२०१८ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी सीमांकनाचं काम आमदारांकडून काढून तेरा नागरिकांच्या आयोगाकडे दिलं : चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच कुठल्याच पक्षाचे नसलेले. कल्पना उत्तम होती. पण आयोगाला डेट्रॉईटची कृष्णवर्णीय मतं मोजक्याच मतदारसंघांत कोंबायची नव्हती. त्यांनी शहराचे तुकडे उपनगरांना जोडले. त्यातून तेराव्यात कृष्णवर्णीयांचं प्रमाण निम्म्याच्या खाली आलं, जरी खुद्द डेट्रॉईटमध्ये दर चारांतले तीन जण कृष्णवर्णीय आहेत. राज्याच्या विधानसभा आणि राज्य सिनेटच्या डेट्रॉईट परिसरातल्या तेरा जागा वंशाच्या आधारावर आखल्या म्हणून २०२३ च्या डिसेंबरात केंद्रीय न्यायालयाने रद्द केल्या. काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकी संसदेच्या जागांचा, नकाशा मात्र टिकला.

२०२२ च्या ऑगस्टात डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणूक झाली. या मतदारसंघात खरी निवडणूक तीच, नोव्हेंबरची औपचारिकता. नऊ उमेदवार होते. कृष्णवर्णीय नेत्यांत मतं विभागली आणि ठाणेदार सुमारे २८ टक्क्यांवर जिंकले. अमेरिकेत १९७९ मध्ये येऊन रसायनशास्त्रात डॉक्टरेट, चाचणी प्रयोगशाळांचा धंदा, २०१० मध्ये त्यातली मोठी कंपनी बँकेकडे जाणं, पुन्हा उभारी, आणि २०१८ मध्ये गव्हर्नरपदाच्या उमेदवारीसाठी स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर खर्च करून तिसरा क्रमांक. त्या हरलेल्या लढतीतही डेट्रॉईट शहरात ते पहिले आले होते. २०२२ चं गणित त्यांनी तिथेच ओळखलं असावं.

त्यांच्या विजयाचा दुसरा अर्थ डेट्रॉईटमध्ये जास्त बोलला गेला. डेट्रॉईटमधून १९५४ मध्ये चार्ल्स डिग्ज निवडून आले, १९६५ पासून २०१७ पर्यंत जॉन कॉन्यर्स होते, दोघंही कृष्णवर्णीय. १९५५ नंतर पहिल्यांदाच डेट्रॉईटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये उरला नाही. आपल्याकडच्या कौतुकाच्या बातम्यांतून नेमकी ही बाजू सुटली. पैसेवाल्या माणसाने फाटाफुटीचा फायदा घेतला, असा एक सूर होता. शहराला मदत मिळवून दिली की रंग कोण बघतो, असा दुसरा. २०२४ मध्ये त्यांना पक्षांतर्गत निम्म्याहून अधिक मतं मिळाली. पण राज्य सिनेटमधून आलेले त्यांचे आधीच्या वेळचे मुख्य प्रतिस्पर्धी ॲडम हॉलियर सह्या अपुऱ्या ठरल्याने मतपत्रिकेवरच नव्हते, त्यामुळे त्या आकड्यावरून पाठिंब्याचा अंदाज बांधायला मी तयार नाही.

मराठी मतांचा यात काही वाटा नव्हता. मोटार कंपन्यांत काम करणारी, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीला जमणारी मराठी कुटुंबं ट्रॉय, नोव्हाय, कॅन्टन अशा उपनगरांत राहतात, आणि ती सगळी तेराव्याच्या बाहेर आहेत. चांगल्या शाळांसाठी ती तिथे गेली. म्हणजे 'मिलिकन विरुद्ध ब्रॅडली' ने जी रेषा पक्की केली तिच्या पलीकडे.

गेल्या काही वर्षांत डेट्रॉईटचं चित्र थोडं पालटलंय. १९८८ पासून ओस पडलेलं मिशिगन सेंट्रल स्टेशन फोर्डने २०१८ मध्ये घेतलं आणि २०२४ च्या जूनमध्ये उघडलं. क्रायस्लरची आजची मालक कंपनी स्टेलांटिस, तिचा मॅक रस्त्यावरचा जोडणी कारखाना हा तीस वर्षांतला शहरातला पहिला नवा. आणि लोकसंख्येचा अंदाज २०२३ मध्ये वाढला, १९५७ नंतर पहिल्यांदा. त्यामागेही एक भांडण आहे. जनगणना विभाग घरांच्या संख्येवरून माणसांचा अंदाज बांधतो. शहराने पडकी घरं पाडली की तक्त्यात माणसंही कमी होत, जरी त्या घरांत वर्षानुवर्षं कुणी राहत नसलं. शहर कोर्टात गेलं, पद्धत दुरुस्त झाली, आणि २०२४ चा अंदाज ६,४५,७०५ वर गेला. केंद्राचा निधी या आकड्यांवर मिळतो. २०३० मध्ये खरी मोजणी होईल, त्यानंतर मिशिगनला किती जागा उरतात ते कळेल आणि तेरा नवे आयुक्त ऑल्टर रोडच्या दोन्ही बाजूंचं काय करायचं ते ठरवायला बसतील.